वाचकांचे प्रश्न : आधी शेरा, मग गुण

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत नववीच्या दोन तुकड्यांना विज्ञान शिकवते. घटक चाचणी गूगल फॉर्मवर घेतली की गुण लगेच मिळतात, परंतु काही मुलांची बरोबर उत्तरेही चुकीची ठरतात. दुसरे असे, की गूगल क्लासरूमवर आलेल्या स्वाध्यायांवर मी सविस्तर शेरे लिहिले, तरी मुले गुण पाहून मोकळी होतात. यावर काय करावे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपली पहिली अडचण साधनाची आहे आणि दुसरी गुण देण्याच्या रीतीची.

लघुउत्तरी प्रश्नात फॉर्म अर्थ पाहत नाही, केवळ अक्षरे जुळवतो. आपण उत्तरसूचीत ‘१२’ लिहिले आणि विद्यार्थ्याने तीच संख्या इंग्रजी अंकांत लिहिली, किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द तोडून ‘प्रकाश संश्लेषण’ असा लिहिला, तर उत्तर चुकीचे धरले जाते. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. म्हणून ग्राह्य धरता येतील अशी सर्व रूपे उत्तरसूचीत भरून ठेवावीत आणि गुण लगेच जाहीर न करता स्वतः नजर फिरवल्यानंतर जाहीर करण्याचा पर्याय निवडावा. हा पर्याय निवडल्यावर फॉर्म ईमेल गोळा करतो. ज्या घरात दोन भावंडांना मिळून वडिलांचा एकच फोन आहे, तेथे दोघांचे निकाल एकाच ईमेलवर जातात. यासाठी तुकडी आणि हजेरी क्रमांक हे प्रश्न अनिवार्य ठेवलेले बरे.

आता शेऱ्यांविषयी. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही देण्यात आले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांमध्ये. शेऱ्यासोबत गुण आले, की शेऱ्याचा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याला आलेला अनुभव याहून वेगळा नाही, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

क्लासरूममध्ये गुणांची चौकट रिकामी ठेवूनही काम परत करता येते, ही सोय फार थोडे शिक्षक वापरतात. शेरा लिहून स्वाध्याय परत करावा, दुरुस्तीसाठी तीन-चार दिवस द्यावेत आणि दुरुस्त केलेले काम आल्यावरच गुण भरावेत. मात्र त्यासाठी शेरा कृती सांगणारा हवा. ‘आकृती नीट काढावी’ एवढ्यावरून मुलाने काय करायचे ते कळत नाही, त्याऐवजी ‘आपाती किरणाला बाण आहे, परावर्तित किरणाला नाही, त्यामुळे प्रकाश कोणत्या दिशेने जातो ते समजत नाही. बाण दाखवून आकृती पुन्हा पाठव’ असे लिहिले, तर मूल लगेच पेन्सिल हाती घेऊ शकते. वारंवार लागणारी अशी वाक्ये क्लासरूमच्या शेरासंग्रहात साठवून ठेवता येतात. त्यांचा वापर जरूर करावा, पण प्रत्येक वेळी त्या मुलाच्या कामातील एक गोष्ट शेऱ्यात यायलाच हवी. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले, तेव्हा वर्णनात्मक नोंदींमागचा, म्हणजे मुलाच्या प्रगतीविषयी शब्दांत लिहायच्या नोंदींमागचा, हेतू हाच होता. पुढे तयार नोंदींच्या फायली एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरू लागल्या आणि कोणत्याही मुलाला लागू पडेल अशी भाषा प्रगतिपुस्तकांत रुजली. ऑनलाइन साधनांनी ही खोड अधिकच सोपी केली आहे.

प्रश्न : विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम ऑनलाइन तपासावे का? मैत्री आणि भांडणे गुणांत उतरतील, अशी भीती वाटते.
– एक मुख्याध्यापक, नांदेड

उत्तर : तपासावे, पण गुण देऊ नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात स्वयंमूल्यांकन आणि सहाध्यायी मूल्यांकन यांना स्थान दिले आहे. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या मुक्त प्रणालीतील ‘वर्कशॉप’ या भागात लेखकाचे नाव झाकता येते, नमुना उत्तरांवर आधी सराव करून घेता येतो आणि विद्यार्थ्याने दुसऱ्याचे काम किती नीट तपासले याचेही वेगळे मूल्यमापन होते. परंतु मूडल सांभाळणारी व्यक्ती शाळेत नसेल, तर त्याच्या मागे लागू नये. नावाऐवजी क्रमांक घालून निबंध वाटावेत आणि साध्या फॉर्मवर दोनच गोष्टी विचाराव्यात : कोणते वाक्य सर्वांत पटले, आणि कोठे अधिक माहिती हवी होती. ‘छान आहे’ एवढेच लिहिणाऱ्याचा फॉर्म परत पाठवावा.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेरे लिहून घेतले तर चालेल का?
– एक शिक्षक, पुणे

उत्तर : कच्च्या मसुद्यापुरते चालेल. हस्ताक्षरातील मराठी वाचताना ही साधने जोडाक्षरांत चुकतात आणि सामान्य उत्तराचीही भरमसाट स्तुती करतात, म्हणून मूळ वही समोर ठेवूनच मसुदा सुधारावा. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा आजारपणाचा उल्लेख त्यात घालू नये; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, त्यामुळे असे साधन वर्गात नियमित वापरण्यापूर्वी शाळेने पालकांची संमती लेखी घेऊन ठेवावी.