इंदूर: वडिलांच्या पोटातली लायपोसारकोमाची (चरबीच्या पेशींच्या कॅन्सरची) गाठ परत आली, पुन्हा ऑपरेशन करावं का?

गाठ परत आली म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलंच, असं धरू नका. पोटामागच्या या गाठीची कड साध्या चरबीत मिसळून जाते, त्यामुळे थोडी मागे राहू शकते. मुख्य इलाज आजही शस्त्रक्रियाच. मात्र गाठ तुकड्यांनी नव्हे, अखंड निघायला हवी. चिकटलेली किडनी किंवा आतड्याचा भागही कधी सोबत काढावा लागतो. म्हणून अनुभवी सर्जनच हवा. जुन्या ऑपरेशनचे पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या (म्हणजे गाठीचे जपून ठेवलेले नमुने; नुसता रिपोर्ट पुरत नाही), छाती-पोटाचा सीटी काढा आणि अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठून टाटा मेमोरियलमध्ये एकदा दाखवाच. गाठ संथ वाढत असेल तर डॉक्टर आधी काही महिने नुसती नजर ठेवायलाही सांगतात. त्याने घाबरू नका.