स्पीकरला विचारू नका, स्क्वेल्चला विचारा

प्रश्न : आमच्या हॅम मित्रांनी दोन जुने व्हीएचएफ मोबाइल सेट जोडून २ मीटरच्या बँडवर छोटा रिपीटर (एका सेटवर आलेलं बोलणं दुसऱ्याने पुन्हा प्रसारित करणारी जोडी) करायला घेतलाय. रिसीव्हरच्या सेटला सीओएसची, म्हणजे सिग्नल आल्याची खूण देणारी, तार बाहेर काढलेलीच नाही. सध्या स्पीकरच्या आवाजावर रिले ओढतो; पण बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर गळतं आणि तो जरा थांबला की रिपीटर पडतो. सिग्नलची खूण घ्यावी कुठून?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : स्पीकरचा नाद आधी सोडा. माणूस पीटीटी (बोलायचं बटण) दाबून गप्प राहिला तरी कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, असतोच, आणि रिपीटरने धरायचा असतो तो कॅरियर. शिवाय कुणी व्हॉल्यूम फिरवला की तुमचं सगळं सेटिंग बोंबललं.

हवी ती खबर सेटमधल्या स्क्वेल्चकडे, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या सर्किटकडे, तयारच असते. एफएमवर सिग्नल नसला की डिस्क्रिमिनेटरमधून (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागातून) नुसती खरखर येते. त्यातला बोलण्याच्या पट्टीच्या, म्हणजे ३ किलोहर्ट्झच्या, बराच वरचा भाग गाळून, वाढवून त्याचा डीसी करतात. कॅरियर आला की खरखर दबते, डीसी उतरतो आणि ऑडिओ सुटतो. तुमच्या सेटमध्ये एमसी ३३५७ किंवा एमसी ३३६१ आयसी निघाला तर नशीब समजा; १३ नंबरच्या पिनवर ही खूण आयती मिळते.

नसला तर शोधायचं. डिजिटल मीटर २० व्होल्टवर ठेवा. काटेवाला नको, तो नाजूक जागेचं व्होल्टेजच खाली ओढतो. स्क्वेल्चचा नॉब फिरवून खरखर चालू-बंद करा आणि कुठे व्होल्टेज उडी मारतं ते बघा. मग नॉब खरखर बंद होईल असा ठेवून, दुसऱ्या खोलीतून डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावलेल्या हँडसेटने सिग्नल द्या. तीच जागा पुन्हा उडाली पाहिजे. काही व्यावसायिक सेटमध्ये ऑडिओ म्यूटची (आवाज बंद करणारी) लाइन टोन डिकोडर (ठरावीक टोन ओळखणारं सर्किट) आणि माइकच्या हुकवरही हलते; खूण त्याच्या अलीकडून घ्या, नाहीतर माइक हुकावरून काढला की रिपीटर दचकेल.

ही तार थेट कंट्रोलरला (रिपीटर चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) नेऊ नका, स्क्वेल्चच बिघडेल. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घाला: बेसला ४७ किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कंट्रोलरच्या इनपुटला, आणि तिथे ५ व्होल्टकडे १० किलोओहम. खूण उलटी होते, तेव्हा कंट्रोलरला तसं सांगा. मात्र लाइन खालच्या अवस्थेतही ०.६ व्होल्टच्या वर राहत असेल तर ट्रान्झिस्टर कायम चालूच राहील. मग एलएम ३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) लावा, उंबरठा दोन्ही व्होल्टेजच्या मधोमध ठेवा आणि आउटपुटकडून प्लस इनपुटला १ मेगओहम द्या. या हिस्टेरेसिसशिवाय (चालू आणि बंद होण्याच्या उंबरठ्यांत ठेवलेल्या फरकाशिवाय) कमजोर स्टेशनवर रिले कडकड करत बसतो. सगळा माल जेल रोडवर मिळावा.

ट्रान्समीटर याच पेटीत असेल तर तार शिल्डेड घ्या आणि बेसजवळ १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला टाका. आपलाच आरएफ (ट्रान्समीटरची रेडिओ लहर) आपल्याच सीओएसला उचलून धरतो, आणि लोक उगाच डिकोडर बदलत बसतात.