वाचक विचारतात : बहिणीच्या कष्टांची पुस्तिका

बहिणीच्या आयुष्यावर घरगुती पुस्तिका काढू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

प्रश्न (सोलापूर) : आमची थोरली अक्का गेल्या वर्षी गेली. चाळीस वर्षं विड्या वळून तिनं आम्हा तीन भावांना शिकवलं. वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आहे, पण 'कष्टाळू, प्रेमळ, त्यागमूर्ती' यापुढे लेखणी सरकत नाही.

विशेषणं तूर्त बाजूला ठेवा आणि तिचा एक दिवस लिहून काढा, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत. पानं कधी भिजवायची, ओल्या फडक्यात किती वेळ गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा साचा पानावर धरून कात्री कशी चालवायची, मांडीवर सूप घेऊन कुठल्या भिंतीला टेकून बसायची, तोंड दुमडून दोरा कसा बांधायची. पान कोरडं पडलं तर वळताना फाटतं, जास्त ओलं राहिलं तर विडीला बुरशी धरते. म्हणजे स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा हे सगळं त्या पानांच्या ओलीशी जुळवून घ्यावं लागत होतं. असं एक वाक्य लिहिलंत की 'कष्टाळू' लिहायची गरज उरत नाही.

मग आकड्यांकडे या. विडीची मजुरी हजारावर मिळते आणि सवयीच्या हातालाही हजार विड्या वळायला आठ-दहा तास सहज लागतात. अक्का रोज 800 वळत असेल आणि महिन्याचे 25 दिवस काम धरलं, तर महिन्याला 20,000, वर्षाला 2,40,000 आणि चाळीस वर्षांत 96 लाख होतात. आजारपणं, बाळंतपणं, संप यांचे महिने वजा करा आणि आकडा खालच्या बाजूनेच धरा. फुगवलेला आकडा तिच्यासोबत काम केलेली बाई लगेच ओळखते. छाटही विसरू नका. ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या माल जमा करून घेणाऱ्या शाखेत, तपासताना नापास झालेल्या विड्यांची मजुरी बुडायची. दिलेल्या पानांत हजार भरले नाहीत तर वरची पानं पदरमोड करून आणावी लागत. हे नुकसान कुठल्या पावतीवर सापडणार नाही, ते सांगणाऱ्यांकडूनच घ्यावं लागेल.

सांगणारे म्हणजे तिच्या ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या शेजारणी. भाऊ त्या वेळी शाळेत होते, त्यांना जेवणाची वेळ तेवढी माहीत असते. दोघी-तिघींना एकत्र बसवा. एकीनं चुकीचं सांगितलं तर दुसरी तिथंच दुरुस्त करते.

कागदांत विडी कामगार ओळखपत्र, 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याप्रमाणे मिळालेलं लॉगबुक, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या आणि बँकेचं पासबुक शोधा. सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत घर मिळालं असेल तर त्याचा कागद आणि कर्जाचे हप्ते पाहा. पासबुकातल्या आणि सराफाकडच्या गहाणाच्या पावत्यांवरच्या तारखा तुमच्या फीच्या पावत्यांशेजारी मांडा. जूनमध्ये गहाण आणि जूनमध्येच प्रवेश असं दिसलं, तर दोन्ही तारखा शेजारी छापा, खाली टीप नको. अक्का तेलुगू बोलत असेल तर तिची दोन-चार नेहमीची वाक्यं देवनागरीत तशीच ठेवा आणि लगेच मराठी अर्थ द्या. तिच्या तोंडी छापील मराठी घातलं तर ती दुसरीच कोणीतरी वाटेल.

प्रश्न (पाटण, जि. सातारा) : ताईच्या सर्व कागदांवर जन्मतारीख 1 जून आहे. आई मात्र सांगायची, ती भूकंपाच्या वर्षी थंडीत झाली. पुस्तिकेत काय छापावं?

दोन्ही छापा, पण वेगवेगळ्या शब्दांत : 'शाळेच्या दाखल्यानुसार 1 जून, घरच्या आठवणीनुसार भूकंपाच्या वर्षीच्या थंडीत.' शाळा जूनमध्ये सुरू होत आणि पहिलीला वय बसवायचं असे, म्हणून गुरुजी अंदाजानं 1 जून टाकत. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळे.

कोयनेचा मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. आईला नेमकं विचारता येत नसलं तरी मावशी, चुलत्यांना विचारा : धक्का बसला तेव्हा ताई पोटात होती की पाळण्यात? एवढ्यावर जन्म भूकंपाआधीचा की नंतरचा ते पक्कं होतं. पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मागा. तिथं बाळाचं नाव बहुधा नसतं. वडिलांचं नाव आणि 'मुलगी' एवढंच असतं. त्यामुळे सगळ्या भावंडांच्या नोंदी एकदम काढून क्रम लावा, नाहीतर धाकटीची तारीख थोरलीला चिकटते. लग्नानंतरचे कागद सासरच्या नावानं असतील, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या.

बाकीच्या घटनांनाही असेच खुंट मिळतात. खडी फोडायला गेली, सुकडी मिळाली, लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या असं कोणी सांगितलं तर तो 1972 च्या दुष्काळाचा काळ. भावजी गिरणीत होते आणि संपानंतर बिऱ्हाड गावी आलं, तर संप सुरू झाल्याची तारीख 18 जानेवारी 1982. नेमका दिवस मिळत नसेल तर 'त्या पावसाळ्यात' एवढंच लिहा. ओढूनताणून तारीख घालू नये.

प्रश्न (रत्नागिरी) : आमची माई हयात आहे, वय 84, कमी ऐकू येतं. तिच्याकडून आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत. 'आता काय सांगू, दिवस काढले' यापलीकडे ती बोलत नाही.

प्रश्न मोठे असले की उत्तर असंच येतं. 'तुझं आयुष्य कसं गेलं' असं विचारू नका. 'काजू फोडायला जायचीस तेव्हा हाताला काय लावायचीस', 'पहिल्या पगारात काय आणलंस', 'विहिरीवरून दिवसाला किती खेपा' असं विचारा. वस्तू हातात दिली तर फारच बरं : जुनी आडाळी (विळी), पाटा, तिचं शिलाई मशीन. आजच्या भावनेबद्दल विचारलं की म्हातारी माणसं संकोचतात. कृती विचारली की हात हलायला लागतात आणि हातामागून गोष्ट येते.

सकाळी, न्याहारीनंतर, अर्धा ते पाऊण तास पुरे. पंखा बंद ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त त्रास पंख्याचाच होतो. फोन विमान मोडवर टाकून तिच्यापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा, टेबलावर थेट ठेवलात तर प्रत्येक पेल्याचा आवाज धाडकन येतो. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला समोर बसा, जाड आवाजात सावकाश विचारा, आणि ती थांबली की निदान दहापर्यंत मनात मोजा. मधली शांतता आपण भरली की पुढचं वाक्य हरवतं. फाइलला लगेच तारीख आणि विषय असं नाव द्या, आणि त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा.

फोटोंबद्दल तुम्ही जाता जाता विचारलं आहे. कोकणातल्या दमटपणात काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. स्कॅनची बारकाई (डीपीआय) फोटोंना 600, कागदपत्रांना 300 ठेवा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नेहमीसारखा पाठवला की तो छपाईच्या लायकीचा राहत नाही.

प्रश्न (नाशिक) : शेवटची चार वर्षं ताईला स्मृतिभ्रंश होता. भाचे म्हणतात, तो भाग छापू नका. गाळला तर पुस्तिका खोटी वाटते. काय करावं?

भाच्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. अंथरूण ओलं होणं, कपडे, शिवीगाळ, घरातल्याला चोर म्हणणं हे ज्या माणसाला आता हो-नाही म्हणता येत नाही तिच्याबद्दल छापायचं नसतं. पण ती चार वर्षं कोरी सोडण्याचीही गरज नाही. कसोटी अशी ठेवा : ताई शुद्धीत असती आणि हे पान तिला वाचून दाखवलं असतं, तर तिनं ते फाडलं असतं का?

या आजारात नावं, दिवस, कालचं जेवण आधी जातं. हातात बसलेलं काम बऱ्याचदा पुष्कळ काळ टिकतं. नातवंडं न ओळखणारी बाई वाटाणे सोलते, पदराच्या घड्या घालते, वाती वळते. ती काय करत राहिली ते लिहा. तेच तिच्या आधीच्या पन्नास वर्षांना जोडून जातं. ती पुन्हा पुन्हा काय विचारायची तेही टिपा : 'गाडी आली का', 'म्हशीला पाणी दाखवलं का'. त्या प्रश्नाचा तिच्या कुठल्या वर्षाशी संबंध आहे, हे शोधलंत तर एक परिच्छेद आपोआप उभा राहतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दवाखान्याच्या हकिकतीनं. लिहिणाऱ्याच्या मनात शेवटचे दिवस ताजे असतात, म्हणून साठ पानांतली पंचवीस आयसीयूत जातात. आजारपणाला दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका. डिस्चार्ज कार्डं आणि केसपेपर तारखेनं लावा, क्रम तपासा आणि बाजूला ठेवा. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, तेव्हा कारण लिहायचंच असेल तर रुग्णालयाच्या कागदावरून घ्या, आठवणीवरून नको. डॉक्टरांवरचा किंवा सुनेवरचा राग या पुस्तिकेत काढू नये. त्याची जागा वेगळी आहे. जिनं रात्री जागून दर दोन तासांनी ताईची कूस बदलली, तिचं नाव मात्र तिच्या परवानगीनं ठळक घाला. बहुतेक पुस्तिकांत ते आभारांच्या यादीत अकरावं येतं.

कच्चा मजकूर छपाईआधी भाच्यांना द्या आणि हरकत लेखी, ओळ दाखवून मागा. 'हे सगळंच नको' म्हणणारा माणूस ओळ दाखवायला बसला की सहसा दोन-तीन वाक्यांवर थांबतो.

प्रश्न (डोंबिवली) : मजकूर तयार आहे, सुमारे 12,000 शब्द. साठ-सत्तर प्रती हव्यात. छापखान्यात काय सांगावं?

डेमी आकार, 14 पॉइंट अक्षर, म्हणजे पानाला अडीचशेच्या आसपास शब्द. फोटोंसह 64 पानं, अर्थात सोळापानी चार फर्मे. आतला कागद 80 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ 250 किंवा 300 जीएसएम आर्टकार्ड. एवढ्या प्रतींना डिजिटल छपाई घ्या. ऑफसेट काही शे प्रतींनंतर परवडतं. 64 पानांना मधोमध पिना चालतात, पण पुस्तिका नीट मिटत नाही असं वाटलं तर चिकट बांधणी मागा.

घोटाळा होतो तो अक्षरांत. मोबाइलवर टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट चालतात. रूपांतर करताना रफार सरकतो, 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' गायब होतो, आकडे बदलतात. त्यामुळे अंतिम पीडीएफ कागदावर छापून घ्या आणि फक्त हीच अक्षरं व सगळ्या तारखा बोट ठेवून तपासा. दुसऱ्या माणसानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचावा, तुम्ही प्रूफ बघावं. फोटोखालच्या ओळी शेवटी एकदा वेगळ्या तपासा, कारण पान हलताना त्याच एकमेकींच्या जागी जातात. पाच-सहा प्रती जास्त काढा. लग्न होऊन परगावी गेलेल्या भाच्या नंतर मागतात.