मासळीची नदी आणि बॅकची नदी

प्रश्न : ब्रिटिश शोधक जॉन फ्रँकलिन याच्या आर्क्टिकमध्ये हरवलेल्या मोहिमेबद्दल वाचताना ‘ग्रेट फिश रिव्हर’ हे नाव सारखे येते. नकाशात मात्र ती सापडत नाही. त्या भागात दिसते ती ‘बॅक रिव्हर’. या दोन नद्या आहेत की एकच?

उत्तर : एकच. कॅनडाच्या उत्तरेकडील ही नदी सुमारे ९७४ किलोमीटर वाहत जाऊन चँट्री इन्लेट या खाडीत आर्क्टिक समुद्राला मिळते. बॅक हे आडनाव आहे. जॉर्ज बॅक हा ब्रिटिश नौदल अधिकारी आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेला शोधक जॉन रॉस याच्या शोधात निघाला होता. रॉस सुखरूप परतल्याची बातमी त्याला १८३४ च्या वसंतात वाटेतच मिळाली, तरी त्याच वर्षी तो नदीतून थेट मुखापर्यंत गेला. उत्तर कॅनडातले आदिवासी देने लोक तिला ‘थ्लू-ई-चो’ म्हणत. ‘ग्रेट फिश’ हा त्याचाच इंग्रजी अवतार.

नकाशात तिचा मार्ग बोटाने गिरवून पाहाच. सुरुवातीला ती वायव्येकडे धावते, जणू बॅथर्स्ट इन्लेटलाच मिळणार. बीची सरोवरापाशी मात्र एकदम वळते आणि पूर्वेकडचा लांबचा रस्ता धरते. त्यात ८३ धबधबे आणि खळाळ, आणि काठ उजाड! वृक्षरेषेच्या पलीकडचा मुलूख, सरपणालाही लाकूड मिळायचे नाही.

आता फ्रँकलिनची माणसे. एप्रिल १८४८ मध्ये १०५ जणांनी बर्फात अडकलेली जहाजे सोडली. त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीच्या शेवटी लिहिले आहे, की उद्या, २६ तारखेला, ‘बॅक्स फिश रिव्हर’कडे निघत आहोत. दोन्ही नावे तिथे एकत्र आली आहेत. मासे आणि शिकार मिळेल, नदीने वर चढत फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यांकडे जाता येईल, अशी त्यांना आशा असावी. त्यांच्यातला एकही जण घरी पोहोचला नाही. १८५५ मध्ये याच कंपनीचा जेम्स अँडरसन त्यांच्या शोधात याच नदीने खाली उतरला, तेव्हा मुखाजवळच्या माँट्रियल बेटावर मोहिमेतल्या काही वस्तू सापडल्या.

बॅकच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी नकाशावर मासळीचे नाव निदान कंसात तरी हवे होते, असे मला फार वाटते. ज्यांनी या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यांनी ते दिलेले आहे. मुखाकडच्या भागात पूर्वी राहणारे उत्कुहिक्सालिक इनुइट तर याच नदीच्या मासळीवर जगत.