आसियानमध्ये सेवा 'खुल्या' म्हणजे नेमक्या किती?

प्रश्न असा होता : आसियानच्या (आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाच्या) सदस्यांनी सेवाक्षेत्र एकमेकांना खुलं केलंय, मग मनिलाच्या नर्सला बँकॉकच्या रुग्णालयात सरळ नोकरी का मिळत नाही?

कारण ती नोकरी या करारांच्या कक्षेतच येत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या सेवा करारापासूनच स्पष्ट लिहिलेलं आहे की परदेशी रोजगाराच्या बाजारात शिरू पाहणाऱ्या माणसाला या तरतुदी लागू नाहीत. आसियानचा २०१२ चा व्यक्तींच्या ये-जा करण्याबद्दलचा करारही तीच रेघ ओढतो. कंपनीने बदलीवर पाठवलेला अधिकारी किंवा कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस त्यात बसतो. नोकरी शोधायला निघालेली नर्स बसत नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, कारण 'मुक्त' हा शब्द ऐकून तरुण मुलं पैसे खर्च करून बसतात.

वस्तूंचं सोपं असतं, आयातशुल्क किती उतरलं ते मोजता येतं. सेवांवर सीमेवर शुल्क नसतंच. अडथळा असतो देशांतर्गत कायद्यात : परदेशी भांडवलाची मर्यादा, परवाना, नागरिकत्वाची अट. थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार निम्मं किंवा जास्त भांडवल परक्यांचं असेल तर कंपनी परदेशी ठरते आणि बहुतेक सेवांसाठी तिला वेगळी परवानगी लागते. उलट आसियानने २००७ च्या आर्थिक आराखड्यात ठरवलं होतं की २०१५ पर्यंत सदस्य देशांच्या गुंतवणूकदारांना ७० टक्क्यांपर्यंत मालकी द्यायची. ध्येय एकीकडे, कायदा दुसरीकडे. फिलिपिन्समध्ये तर राज्यघटनाच म्हणते की कायद्याने सांगितलेले अपवाद सोडून डॉक्टर, वकील यांच्यासारखे सर्व पेशे फक्त फिलिपिनो नागरिकांनी करावेत.

कोणत्या सेवा खुल्या हे सांगणारी करारातली यादी कशी लिहिली आहे, हे म्हणूनच आधी बघावं. सकारात्मक यादीत जेवढं लिहिलं तेवढंच खुलं. नकारात्मक यादीत लिहिलेलं वगळून बाकी सगळं खुलं, उद्या जन्माला येणारी सेवासुद्धा. आसियानचा १९९५ चा सेवा करार पहिल्या पद्धतीचा होता, त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला दुसऱ्या पद्धतीचा. आरसेप या आशिया-प्रशांतातल्या १५ देशांच्या व्यापार करारात (अंमल १ जानेवारी २०२२) ७ देशांनी सुरुवातीपासून नकारात्मक यादी दिली, बाकीच्यांनी पुढे तिकडे वळायचं कबूल केलं. नकारात्मक यादीला सहसा दोन परिशिष्टं असतात. पहिल्यात आजचे निर्बंध, दुसऱ्यात भविष्यात हवं ते करायची मुभा राखलेली क्षेत्रं. मी नेहमी दुसरं आधी उघडतो. सरकारला खरी भीती कशाची वाटते ते तिथे दिसतं.

भारत २०१९ मध्येच आरसेपच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यामुळे इथल्या कंपनीने भारत-आसियान सेवा करार (अंमल जुलै २०१५) वाचावा.

आता नर्सकडे परत. २००६ मध्ये आसियानने नर्सिंगच्या पात्रतेला परस्पर मान्यता देणारा करार केला. त्यात किमान ३ वर्षं सलग अनुभव मागितला आहे, पण परवाना द्यायचा अधिकार यजमान देशाकडेच ठेवला आहे. थायलंडची परवाना परीक्षा थाई भाषेत होते. बँकॉकला खरंच जायचं असेल, तर तिने आधी थाई लिहा-वाचायला शिकावं आणि तिथल्या नर्सिंग परिषदेच्या परीक्षेचे नियम मिळवावेत.