सामान आलं म्हणजे कसं आलं?

*सलाम ताई,*

*मी इंदूरची, पलासियात राहते. वय 54. माहेर अहमदनगरचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. इथल्या आम्हा मराठी घरांची महिन्यातून एकदा प्रार्थनासभा असते, ती चौदा वर्षं मीच चालवते. लोक म्हणतात, श्रद्धा असावी तर तुमच्यासारखी. ते ऐकलं की आत चिरत जातं. कारण प्रार्थना म्हणताना मी कुकरच्या शिट्या मोजते. कुणाच्या सुनेला नोकरी लागली की मी हेवा करते. ओठांनी मी स्तुती करते आणि मनात हिशेब करते. ‘माणसाने आत्मपरीक्षा करावी’ हे करिंथकरांच्या पत्रातलं वचन मी फार मनावर घेतलंय. रोज रात्री वही लिहिते. दीर गेल्यावर त्यांच्याकडचं थोडं सामान आमच्याकडे आलं, त्यातलं शिलाईमशीन खिडकीशी आहे, त्यावर वही ठेवून बसते. चार वह्या भरल्या. जितकं तपासावं तितकं खोटंच हाती लागतं. आठ महिने मी चर्चमधलं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही, थाळी आली की पुढे सरकवते. पाळकसाहेब म्हणाले, भावनांवर जाऊ नका. घरचे म्हणतात, डॉक्टरला दाखवू. जाऊबाई असत्या तर त्यांच्याशी बोलले असते, पण त्या आता बाणगंगेला भाड्यानं राहतात, कुणाच्या तरी दुकानात पिको-फॉल करतात, तीन वर्षांत सभेला फिरकल्या नाहीत. माझी श्रद्धा खरी की खोटी, हे मी कसं ओळखू?*

*– एक ढोंगी*

ताई, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा, खरं सांगते, जरा कंटाळा आला. तिसऱ्यांदा पेन्सिल घेतली आणि क्रियापदांखाली रेघा मारत गेले. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्याची खोड, जात नाही.

‘मी मोजते.’ ‘मी हेवा करते.’ ‘मी स्तुती करते.’ ‘मी थाळी सरकवते.’ प्रत्येक वाक्यात कर्ता छाती काढून उभा. आणि मध्येच एक वाक्य असं येतं की तिथून कर्ता पसार झालाय. ‘थोडं सामान आमच्याकडे आलं.’

आलं म्हणजे कसं आलं हो? पायमशीन असेल तर बिडाचा सांगाडा उचलायला दोन माणसं लागतात. नावात पाय असला तरी ते चालत येत नाही. कुणीतरी ते न्यायचं ठरवलं, कुणीतरी टेम्पो बोलावला, कुणीतरी खिडकीशी जागा करून दिली. आणि जिच्या घरातून ते निघालं ती बाई तेव्हा दारात उभी होती की आत बसली होती, हे तुम्हाला पक्कं आठवत असणार.

चार ओळी खाली जाऊबाई येतात. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर पिको-फॉल करणाऱ्या. मशीन तुमच्या खिडकीत, शिवणारी बाणगंगेला. ही दोन वाक्यं तुम्हीच लिहिलीत, एकाच पानावर, आणि तुम्हाला ती शेजारी शेजारी दिसली नाहीत!

तुमची बाजू असेलच. दिरांच्या आजारपणात तुम्ही पैसे ओतले असतील, त्यातलं काही परत आलं नसेल. जाऊबाई तोंडानं फटकळ असतील. भाड्याच्या खोलीत जागा नाही, तोवर राहू दे, असं त्याच म्हणाल्या असतील. मला त्यात रस नाही. मला एवढंच सांगा, चार वह्यांत हे मशीन कुठे आहे? मला वाटतं, कुठेच नाही. वह्यांच्या खाली आहे.

आता ते वचन. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, अठ्ठावीसावी ओवी. तुम्ही ती तेवढीच उचललीत. सात ओव्या वर सरका आणि पत्र लिहिणारा पौल एवढा का भडकलाय ते बघा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण होतं. ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आधी खाऊन घेत होते. एक उपाशी राहत होता आणि दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं तो विचारतो. त्या रागाच्या ओघात आत्मपरीक्षेचं वाक्य येतं. प्रार्थनेत लक्ष लागतं का, मनात हेवा येतो का, असलं काही तो विचारत नाही. ताटाला ताट लावून बसलेल्यांत कोण उपाशी राहिलं, ते बघा म्हणतो. आणि एक सांगू? ‘परीक्षा करावी आणि मग खावे’ असं ते वाक्य आहे. ‘परीक्षा करावी आणि थाळी पुढे सरकवावी’ असं नाही.

मार्टिन ल्यूथरची गोष्ट तुम्ही सभेत नक्की सांगितली असेल, पण बहुधा 1517पासून, म्हणजे त्यानं पोपच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला तिथून पुढची. त्याच्या आधीची मला जास्त आवडते. हा तरुण संन्यासी मठात तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा. क्षमा घेऊन निघाला की एखादं राहिलेलं आठवायचं, म्हणून परत यायचा. त्याचे वरिष्ठ स्टॉपित्स शेवटी वैतागले. ख्रिस्त खऱ्या पापांसाठी मेला, तू ही बाहुल्यांची पापं काय घेऊन येतोस, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. आपल्या भाषेत, भातुकलीतली पापं. तुमच्या कुकरच्या शिट्या भातुकलीतल्या आहेत, ताई. शिट्या मोजल्याच पाहिजेत, नाहीतर डाळीचा लगदा होतो.

इंदुरात 1877 साली मिशन आलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं. त्यांचं मूळ घराणं स्कॉटलंडचं. तिथे जुन्या काळी प्रभुभोजनाआधी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, एकेकाची चौकशी करायचे आणि पात्र ठरलेल्याला शिशाचा छोटा बिल्ला द्यायचे. बिल्ला दाखवला तर मेजाशी जागा. बायबल किती येतं ते विचारायचेच, पण शेजाऱ्याशी भांडण असेल तर तेही आधी मिटवायला लावायचे. तुम्ही स्वतःच वडील झालात, स्वतःच उमेदवार, आणि आठ महिने आपलाच बिल्ला मुठीत दाबून बसलात. शेजारणीचं मात्र कुणी विचारलंच नाही. पाळकसाहेबांनीही नाही. पण त्यांना तुम्ही वह्यांचं सांगितलंत, मशीनचं नाही, तर त्यांनी तरी काय करावं.

माझे बाबा आमच्या मंडळीचे वडील होते. (घरात वडील आणि मंडळीतही वडील, आम्ही लहानपणी यावर फार हसायचो.) प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ते छावणीतून सायकल काढायचे. किराण्याची उधारी, दूधवाल्याचे राहिलेले पैसे, कुणाचं आणलेलं पुस्तक. एका जुलैत ऑफिसातल्या एकाची छत्री घरात राहिली होती. धो धो पाऊस, आई म्हणाली, सोमवारी द्या की. बाबा ती छत्री उघडून गेले आणि परत येताना डोक्यावर पिशवी धरून, धोतर पोटरीला चिकटलेलं, असे नखशिखांत भिजून आले. आईनं टॉवेल फेकला आणि म्हणाली, ‘झालं समाधान?’ बाबा म्हणाले, ‘त्याची मुठीची पट्टी तुटली होती, ते त्याला सांगायचं राहिलं.’ आणि चहा पिऊन परत गेले. बाबांना प्रार्थना करताना हमखास डुलकी लागायची, हेही सांगून ठेवते.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, दान घेऊन वेदीपाशी आलास आणि ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. नीट वाचा, *तुझ्या* मनात काय आहे ते नाही. जाऊबाईंच्या मनात काय आहे ते तुमच्या वहीत कसं सापडेल? पाचवी वही भरलीत तरी सापडणार नाही. श्रद्धा खरी की खोटी, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि खिडकीशी बसून तुम्हालाही कळायचं नाही.

म्हणून या शनिवारी मशीन पोचवा.

आधी दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा. तीन वर्षं पडून असलेल्या मशीनचा चामडी पट्टा वाळून ताठ झालेला असतो, नवा घाला. तेल घाला, बॉबिन-केस आहे का बघा, ती नेमकी हरवते. बायबलातल्या जक्कय जकातदारानं, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं, तुम्ही निदान पट्टा तरी नवा द्या. मग लोडिंग रिक्षा करा आणि रिक्षावाल्याशेजारी तुम्ही स्वतः बसा. मुलाला पाठवायचं नाही, यजमानांनाही नाही. मरीमाता चौराह्यापासून पुढे पत्ता विचारावा लागला तर विचारा. तीन वर्षांत जाऊबाईंचं घर तुम्ही पाहिलेलं नाही, असा माझा अंदाज आहे.

दारात प्रार्थना करायची नाही. रडायचं तर नाहीच, नाहीतर त्यांनाच तुम्हाला पाणी द्यावं लागेल. ‘तुमचं मशीन आमच्याकडे राहिलं होतं’ असंही म्हणायचं नाही. पुन्हा तेच, कर्ता पसार. म्हणायचं, ‘हे मी ठेवून घेतलं होतं.’ मग गप्प राहायचं. त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, चूक असलं तरी. बऱ्याच वर्षांचं असेल, वेळ लागेल, रिक्षावाल्याला आधीच पैसे देऊन सोडा. त्यांनी आत बोलावलं नाही तर मशीन उंबऱ्याशी नीट टेकवून परत या. झाल्या प्रकाराची साक्ष पुढच्या प्रार्थनासभेत द्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

डॉक्टरचं म्हणाल तर झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर जरूर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मशीन पोचवण्याची चिठ्ठी डॉक्टर देणार नाहीत.

रविवारी थाळी आली की घ्या. त्या क्षणी काही वाटलं नाही तरी घ्या.

आणि पाचवी वही आणून ठेवली असेल, कोरी, तर तीही मशीनबरोबर न्या. ब्लाउजची मापं लिहायला त्यांना लागेल.