सिनर तेराव्या वर्षी घराबाहेर पडला, पण कुणाच्या मनाने?

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: ‘मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. टेनिसमध्ये १४ वर्षांखालच्या गटात राज्यात नाव आहे, देशपातळीवर पहिल्या-दुसऱ्या फेरीत अडकतो. अल्काराझ १९ व्या वर्षी जगात पहिला झाला, सिनरने १३ व्या वर्षी घर सोडलं. म्हणजे आमच्या हातात वेळ कमी आहे. शाळा बंद करून त्याला पुण्यात किंवा थेट स्पेनमध्ये अकॅडमीत घालायचं म्हणतोय. त्यासाठी प्लॉट विकायला काढलाय, मी नोकरी सोडून त्याच्यासोबत फिरेन. दहावी १७ नंबरने देता येईल का? आणि जगात पहिल्या २०० त जरी आला, तरी आयुष्य मार्गी लागेल ना?’

नमस्कार.

दहावी बाहेरून देता येते, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून. पण हा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी सोडवायला घेतलात, याचीच मला काळजी वाटते.

तुम्ही लिहिलंय, सोलापूरची स्पर्धा हरल्यावर सांगलीपर्यंत गाडीत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, ‘त्याला जाणीव व्हायला हवी म्हणून’. चार तासांचा रस्ता आहे तो. मधे चहाला थांबला असाल, तेव्हाही नाही? त्याच्या खोलीत भिंतीवर तुम्ही तक्ता लावलाय. कोणत्या वयात अल्काराझने काय केलं, सिनरने काय केलं, जोकोविचने काय केलं, आणि शेवटचा रकाना चिरंजीवांचा, लाल पेनाने भरलेला. रात्री दिवा मालवताना आणि सकाळी डोळे उघडताना त्याला आपण किती मागे आहोत हे दिसतं. असा तक्ता एखाद्या कंपनीने विक्रीच्या माणसांसाठी लावला, तर तीही माणसं तक्रार करतील.

पत्रात त्याच्या बॅकहँडबद्दल आहे, सर्व्हिसबद्दल आहे, बुटांचा नंबरसुद्धा आहे. तो स्वतः काय म्हणतो, हे कुठेही नाही. त्याच्याबद्दल एकच गोष्ट अशी सापडली जी तुम्ही ठरवलेली नाही: तो तुम्हाला न सांगता शाळेच्या संघातून कबड्डी खेळला. घोटा मुरगळेल म्हणून तुम्ही ते बंद केलंत.

आता सिनरबद्दल. यानिक सिनर इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला. वडील स्कीइंगच्या ठिकाणच्या लॉजमध्ये आचारी, आई तिथेच वेट्रेस. लहानपणी तो टेनिसपेक्षा स्कीइंगमध्ये पुढे होता. स्कीइंग सोडून टेनिस धरायचं, त्यासाठी समुद्रकाठच्या बोर्दिघेराला रिकार्डो पियाटींच्या अकॅडमीत जायचं, हे १३ व्या वर्षी ठरलं, ते त्याच्या मनाने. आईवडील आपापल्या कामावर राहिले. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर मेलबर्नच्या कोर्टवर उभं राहून तो म्हणाला, माझ्यासारखे आईवडील सगळ्यांना मिळोत, त्यांनी मला हवं ते निवडू दिलं, इतर खेळ खेळू दिले, कधी दडपण आणलं नाही. त्याच वर्षी १० जूनला तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला, एकेरीत तिथे गेलेला पहिला इटालियन पुरुष. तुमच्या तक्त्यात यातलं ‘१३ व्या वर्षी घर सोडलं’ एवढंच आलं. त्याचं स्कीइंग ही तुमच्या मुलाची कबड्डीच होती हो!

अल्काराझ १२ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे १९ व्या वर्षी पहिला आला हे खरं. पण संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इतक्या लहान वयात तिथे पोहोचलेला पुरुष तो एकटाच. सगळ्यांत मोठा अपवाद घेऊन तुम्ही त्याची फूटपट्टी केलीत. फेडरर २२ व्या वर्षी पहिला झाला, जोकोविच २४ व्या, मेदवेदेव २६ व्या, मरे २९ व्या. आणि आपला रोहन बोपण्णा दुहेरीत पहिला झाला ४३ व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये. तक्ता ठेवायचाच असेल तर हेही लिहा. माझ्या मते तो आजच उतरवा.

पहिल्या २०० त आलं की आयुष्य मार्गी लागतं, हा समज मात्र मुळापासून काढायला हवा. तुमच्या डोक्यात क्रमवारी म्हणजे स्पर्धा परीक्षेची गुणवत्ता यादी आहे: एकदा नाव लागलं की नेमणूक पक्की. टेनिसचे गुण ५२ आठवडेच टिकतात. गेल्या जूनमध्ये मिळवलेले गुण या जूनमध्ये पुन्हा मिळवले नाहीत तर गळतात. सुमित नागलचं पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये, देशातला एकेरीतला अव्वल खेळाडू असताना, त्याने सांगितलं की वर्षभर खेळून बँकेत ९०० युरो उरलेत, म्हणजे जेमतेम ८० हजार रुपये. पुढच्याच जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं, जूनमध्ये जर्मनीत हाइलब्रॉनची चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची, स्पर्धा जिंकली आणि जुलैत ६८ व्या क्रमांकावर पोहोचला. वर्षभराने ते गुण गळाले आणि तो २०० च्याही बाहेर गेला. तो आळशी झाला नव्हता. पद्धतच तशी आहे. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांच्या, मुख्य फेरीत १२८ जण असतात, त्यातले १०४ क्रमवारीवर थेट. दोनशेव्या खेळाडूला आधी पात्रता फेरी खेळावी लागते. व्यावसायिक टेनिसमधल्या सगळ्यांत खालच्या, एम-१५ दर्जाच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, ते सगळ्यांत वाटून विजेत्याच्या हातात दोन हजारांच्या आसपास. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटची तार, सगळं त्यातूनच. अलीकडे एटीपी या पुरुष टेनिसच्या व्यावसायिक संघटनेने पहिल्या २५० जणांना किमान उत्पन्नाची हमी दिलीय, त्याने थोडा आधार झाला. पण त्या २५० त जाईपर्यंतची वर्षं कोणाच्या खिशातून?

लहान वयातल्या यशाचंही तेच. आपला युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता होता, ज्युनिअर क्रमवारीत जगात पहिला. मोठ्यांच्या एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल ८३, तीही २०१८ मध्ये, मधे दुखापतींनी वर्षं खाल्ली. ८३ म्हणजे थोर कामगिरी आहे, माझ्या दृष्टीने फारच थोर. तुमच्या तक्त्यात ती लाल पेनाने लिहिली जाईल.

आणि प्लॉट. तो विकलात, नोकरी सोडलीत, की ‘बाबा, मला आता नाही खेळायचं’ हे वाक्य त्याला कधीच बोलता येणार नाही. १३ वर्षांच्या पोराला घराचं कर्तेपण असं मागच्या दाराने देऊ नका.

शाळा सोडवण्याचा तोटा तर थेट टेनिसलाच आहे. भारतीय मुलांसाठी सध्याचा सर्वांत शहाणा रस्ता अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा आहे, शिष्यवृत्ती, प्रशिक्षक आणि पदवी एकत्र. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळला, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममधून. अमेरिकेचा बेन शेल्टन फ्लोरिडाच्या कॉलेजातून येऊन जगातल्या पहिल्या दहांत गेला. तिथे नववी ते बारावीचे गुणही तपासतात. म्हणजे शाळेचा दाखला काढून तुम्ही हाच दरवाजा लावून घेणार.

तेव्हा दाखला काढू नका. प्लॉटचा विसार घेतला असेल तर परत करा. प्रशिक्षक चांगला हवा असेल तर सुट्टीत एक महिना पुण्यात राहू दे, पण त्याला विचारून, आणि तुम्ही सांगलीतच राहून. कबड्डी सुरू करा. वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या हे तो आणि त्याचे सर ठरवतील. हरल्यावर गाडीत काय बोलायचं ते सुचत नसेल, तर काय खाणार एवढं विचारा.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाकीट त्यानेच चिकटवायचं, तुम्ही वाचायचं नाही. टेनिसबद्दल नसलं तरी चालेल, मी उत्तर देईन.